पसारा कुणाचा?

(परळ इथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आजच्या चर्चेचा विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. नीटनेटकेपणाच्या उलट अर्थाचे शब्द! हा काय बैठकीत घ्यायचा विषय झाला? आपल्यापुढे पाणी आहे, रेशन आहे, घरातली मारहाण आहे, पुनर्विकासात जागा कुणाच्या नावावर लागणार हा प्रश्न आहे. त्यात शब्दांचा कीस कशाला पाडायचा? पण मारहाणीपर्यंत जाणारा रस्ता बऱ्याच वेळा एका शब्दापासून सुरू होतो आणि तो शब्द अगदी साधा, रोजच्या कानावरचा असतो. शिवी असेल तर आपण निदान उलट बोलतो. हे शब्द शिवी वाटत नाहीत, म्हणून ते आपण मुकाट्याने अंगावर घेतो. म्हणूनच आज त्यांच्याकडे बघायचं आहे.

मघाशी चहाच्या वेळी आपण चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही. आपल्या घरात आपल्याला उद्देशून वापरलेला, ‘व्यवस्थित’च्या उलट अर्थाचा एक शब्द लिहायचा. त्यातल्या काही वाचून दाखवते. गबाळी. वेंधळी. अजागळ. गचाळ. धांदरट. पुन्हा गबाळी. भोंगळ. झिपरी. ढ. अवदसा. एकीने अख्खं वाक्य लिहिलंय: ‘हिच्या हाताला वळण म्हणून नाही.’ आणि पुन्हा एकदा गबाळी.

या चिठ्ठ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द माणसाला चिकटतो. भांडी घासायची राहिली, कपड्यांच्या घड्या झाल्या नाहीत, चपला दारात विखुरल्या, यातलं काहीही झालं तरी शब्द भांड्यांना, कपड्यांना किंवा चपलांना लागत नाही. तो बाईला लागतो. काम तासाभरात उरकतं, शब्द मात्र आयुष्यभर राहतो.

आता दुसरी यादी बघू. महानगरपालिका, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांच्याबद्दल वर्तमानपत्रं काय लिहितात? गलथान कारभार. ढिसाळ नियोजन. अनागोंदी. बजबजपुरी. सावळागोंधळ. शब्द जोरदार आहेत, पण ते कुणाला लागतात? कारभाराला. नियोजनाला. गबाळे आयुक्त किंवा अजागळ अभियंता असं कुठे छापून आलेलं तुम्ही वाचलंय? फाईल हरवते, टेंडर रखडतं, खड्डा पडतो, आणि करणारा माणूस वाक्यातून गायब असतो. म्हणजे घरात पसारा झाला की काम दिसत नाही, बाई दिसते. आणि बाहेर पसारा झाला की माणूस दिसत नाही, नुसता कारभार दिसतो. आपली भाषा हा फरक किती सहज करते बघा.

आता पुरुष घरात अव्यवस्थित असला तर? त्यालाही कधी वेंधळा म्हणतात, नाही असं नाही. पण त्याच्यासाठी वेगळी, मानाची यादीही आहे. कलंदर. अवलिया. मनस्वी. फकीर माणूस. विसरभोळा प्रोफेसर. त्याच्या टेबलावरचा पसारा हा त्याच्या बुद्धीचा पुरावा मानतात. ‘अवलिया बाई’ असं कुणी सहसा म्हणत नाही. लग्नाच्या जाहिरातींमध्ये वर्षानुवर्षं ‘गृहकृत्यदक्ष’ वधू मागत आले. गृहकृत्यदक्ष वर कुणी मागितला नाही. वराला फार तर ‘निर्व्यसनी’ म्हणायचे, म्हणजे त्याने काही केलं नाही एवढं पुरे. तिने मात्र सगळं करायचं आणि तेही दक्ष राहून.

या शब्दांच्या पोटात काय आहे, तेही थोडं बघू. ‘गबाळ’ म्हणजे गाठोडं, जवळ असेल तो सगळा संसार एकत्र गुंडाळलेलं बोचकं. ‘आपलं गबाळ उचल आणि चालू लाग’ असं आपण अजूनही म्हणतो. ज्याला पक्कं घर नाही, ज्याचा संसार डोक्यावर आणि खांद्यावर आहे, त्याचं ते सामान. फिरस्त्या, गरीब माणसाच्या सामानाचं नाव घेतलं आणि त्याची बाईसाठी हेटाळणी केली. तेव्हा ‘गबाळी’ म्हणताना फक्त बाईचा अपमान होत नाही, ज्याला घर नाही त्या प्रत्येकाचा होतो.

‘अजागळ’ तर त्याहून बोलका आहे. अजा म्हणजे शेळी. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन मांसल लोंबत्या गाठी असतात, त्यांना संस्कृतात अजागलस्तन म्हणतात. दिसायला स्तनासारख्या, पण दूध देत नाहीत, म्हणजे निरुपयोगी. त्यावरून अजागळ. म्हणजे ज्या शब्दाने आपण आज साडीचा पदर नीट न घेणाऱ्या बाईला हिणवतो, त्याच्या मुळाशी हिशोब आहे तो दुधाचा. देते की नाही? उपयोगाची की बिनउपयोगाची? बाईच्या नीटनेटकेपणाची चर्चा आपल्याकडे शेवटी याच हिशोबावर येऊन थांबते.

आणि अवदसा, अक्काबाई. ‘घरात अक्काबाई शिरली’, ‘अक्काबाईचा फेरा आला’ असं आपण म्हणतो. ही लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिची लक्ष्मी म्हणून पूजा करायची आणि अनेक घरांत त्याच रात्री सूप वाजवत अलक्ष्मीला बाहेर हाकलायचं, ही रीत तुम्हाला माहीत आहे. केर काढणारी देवी, आणि केर म्हणून बाहेर काढली जाणारीही देवीच. घरातली सुबत्ता बाईच्या रूपात, अवकळाही बाईच्या रूपात. घरातला पुरुष या गोष्टीत कुठेच नाही. त्याने फक्त निकाल द्यायचा की आज घरात कोणती बहीण आहे.

इथपर्यंत शब्दांचं झालं. आता आपल्या या भागात, गिरगाव ते परळ-लालबागच्या चाळींमध्ये, हे शब्द कोणत्या जागेत वापरले गेले ते बघू. कारण शब्द हवेत तरंगत नाहीत, त्यांना खोली असते आणि खोलीला माप असतं.

बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. त्या १६० फुटांत सहा-आठ माणसं, कधी गावाकडून आलेला दीर, त्याचा मित्र. स्वयंपाक, झोप, अभ्यास, बाळंतपण, आजारपण, सगळं तिथेच. रोज सकाळी अंथरुणं उचलल्याशिवाय स्टोव्ह पेटवायला जागा नाही. अशा खोलीत पसारा होऊ नये म्हणून बाई दिवसातून चार वेळा तीच जागा नव्याने मांडत असते. झोपायची खोली आवरून ती स्वयंपाकघर करते, स्वयंपाकघर आवरून बैठकीची खोली करते, रात्री पुन्हा झोपायची. एखाद्या मोठ्या वास्तुविशारदाला हे काम दिलं तर तो हात जोडेल. आणि तिच्या पदरात काय पडतं? एक दिवस अंथरुणाची वळकटी कोपऱ्यात राहिली की ‘गबाळी’.

त्यातच पाणी. मुंबईत पाणी ठरावीक वेळालाच येतं, त्यामुळे चाळीत बाईचा दिवस घड्याळावर नाही, नळावर सुरू होतो. नळ पहाटे आला तर पहाटे उठायचं, वेळ बदलली तर झोप बदलायची. एक दिवस पाणी आलं नाही की मोरीत भांड्यांचा ढीग, बादलीत कपड्यांचा ढीग. हा ढीग पाणीपुरवठ्याने केला. पण दारात आलेल्या पाहुण्याला दिसते ती मोरी, पंपिंग स्टेशन नाही. मी मघाशी म्हटलं की बाहेरच्या अव्यवस्थेत माणूस गायब होतो. तो असा होतो. शहराचा पसारा नळातून, जिन्यातून, गटारातून आपल्या घरात येतो आणि आत आल्यावर त्याला बाईचं नाव मिळतं.

गिरण्यांच्या काळात याला आणखी एक पदर होता. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीळिंग खात्यात, त्यांच्यावर मुकादम म्हणून नाईकीण. काम काय? सूत गुंडाळायचं, तुटलेला धागा शोधून जोडायचा, गुंता होऊ द्यायचा नाही. ‘सुसूत्र’ हा शब्द आपण व्यवस्थित या अर्थी वापरतो, त्यातलं सूत्र म्हणजे धागाच. तेव्हा या गिरणगावात सुसूत्रपणा हे अक्षरशः बायकांचं मजुरीचं काम होतं आणि मोबदला अंगावरच्या कामाचा, जितकं कराल तितका. पुढे यंत्रांची फेररचना झाली, १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा आल्यावर बायका मालकांना ‘महाग’ वाटू लागल्या आणि त्यांची संख्या खाली खाली येत गेली. गिरणी सोडावी लागली तरी सुसूत्रपणाची जबाबदारी सुटली नाही. ती फक्त बिनपगारी झाली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाच्या इतिहासात पुढारी आहेत, मालक आहेत, सरकार आहे. पगार बंद झालेल्या घरांची घडी कुणी टिकवली? खानावळीचे डबे वाढवून, घरोघरी धुण्याभांड्याची कामं धरून, मणी ओवून, पापड लाटून कुणी टिकवली, हे या खोलीतल्या अर्ध्या जणींना आपल्या आईकडून, सासूकडून माहीत आहे. या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना सही करता येत नव्हती, पण वीस-वीस माणसांच्या जेवणाचा हिशोब तोंडपाठ होता. ‘वेंधळी’ हा शब्द यांना कुठे बसतो?

आता आपण एकत्र येतो तेव्हाचे शब्द. एकटी बाई गबाळी ठरते, चार बायका जमल्या की काय होतं? ‘नळावरचं भांडण’ होतं. हा वाक्प्रचार तुम्ही विधानसभेच्या बातम्यांत वाचला असेल. पुढारी एकमेकांवर क्षुल्लक आरोप करू लागले की म्हणतात, ही तर नळावरची भांडणं. पण नळावर भांडण कशाचं होतं? एका नळावर इतकी बिऱ्हाडं आणि पाणी तासभर. ते वाटपाचं भांडण आहे. तेच भांडण मृणालताई गोरे यांनी नळावरून उचलून महापालिकेत नेलं आणि लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. भांडण तेच होतं, फक्त ते योग्य दारात गेलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं.

‘सभागृहाचा मासळीबाजार झाला’ असंही लिहितात. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी एकदा पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला जावं. बोटीतून माल उतरतो, लिलाव पुकारला जातो, टोपल्या भरल्या जातात, बर्फ पडतो, टेम्पो सुटतात, आणि उजाडता उजाडता लालबागच्या, दादरच्या बाजारात कोळीण आपल्या ठरलेल्या जागी वाटे लावून बसलेली असते. नाशवंत माल आहे, दोन तास इकडेतिकडे झाले तर पैसे पाण्यात. इतकं काटेकोर वेळापत्रक फार थोड्या कचेऱ्यांत पाळलं जात असेल. तिथे आवाज मोठा आहे, कारण तो धंद्याचा आवाज आहे. बाईचा मोठा आवाज ऐकला की ऐकणाऱ्याला अव्यवस्था वाटते, एवढाच त्या वाक्प्रचाराचा अर्थ.

आणि ‘गोंधळ’. मोर्चात बायका असल्या की हा शब्द हमखास येतो: महिलांनी गोंधळ घातला. आता गोंधळ मुळात काय आहे? देवीचा विधी. घरात लग्नकार्य झालं की गोंधळी येतात. चौक मांडतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुणं वाजतं, आधी गणाचं आवाहन, मग गावोगावच्या देवदेवतांना नाव घेऊन बोलावणं, मग आख्यान, शेवटी आरती. पायरीमागून पायरी, रात्रभर. या विधीइतकी रीतसर गोष्ट दुसरी सापडणार नाही. पण लांबून ज्याला फक्त वाद्यांचा दणका ऐकू आला त्याच्या लेखी तो कल्लोळ झाला आणि तोच अर्थ शब्दाला चिकटला. आपल्या मोर्च्यांचं तसंच होतं. १९७२ पासून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईत लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे काढले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, वेगवेगळ्या पक्षांच्या बायका, ज्यांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर बसायला तयार नसत, त्या एका समितीत बसून मागण्यांचे मसुदे करत होत्या. तेल, साखर, रॉकेल, धान्य, प्रत्येक मागणी नेमकी होती. लांबून मात्र थाळ्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

गर्दीला दोष देण्याची ही सवय फक्त बायकांपुरती नाही, हेही सांगायला हवं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर २३ माणसं मेली. आपण त्याला काय म्हणालो? चेंगराचेंगरी. शब्द नीट ऐका. माणसांनी माणसांना चेंगरलं असा त्याचा अर्थ होतो. पाऊस होता, अफवा पसरली, लोक घाबरले, सगळं खरं. पण गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज लाखो माणसं त्या स्टेशनांवर उतरू लागली आणि पूल तेवढाच अरुंद राहिला. रुंद पूल मंजूर होऊनही बांधला गेला नव्हता, आणि तो दुर्घटनेनंतर लष्कराने काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये उभा करून दाखवला. म्हणजे करता येत होता. जिन्यावर जो चेंगरला त्याच्या माथी गर्दीचा बेशिस्तपणा आणि ज्या टेबलावर पूल अडला ते टेबल शब्दाबाहेर. घरातल्या गबाळीचं आणि पुलावरच्या गर्दीचं दुखणं एकच आहे. जो अव्यवस्थेखाली दबतो, तिचं नाव त्यालाच मिळतं.

आता मारहाणीकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लोकांना विचारतात, नवऱ्याने बायकोला मारणं कोणकोणत्या परिस्थितीत योग्य वाटतं? सात कारणं वाचून दाखवतात. त्यातलं एक कारण, तिने घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं तर. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत देशातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सातांपैकी निदान एका कारणासाठी मारणं योग्य ठरवलं. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, हे लक्षात घ्या. कारण गबाळी हा शब्द ऐकून ऐकून आपण त्याची शिक्षाही रास्त मानायला लागतो. ‘माझंच चुकलं, घर आवरलं नव्हतं’ हे वाक्य आपल्या सल्ला केंद्रात आलेल्या किती जणींनी म्हटलंय, ते तुम्ही मला सांगा.

दुर्लक्ष कोण करतं त्याचाही हिशोब आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. २०२४ च्या पाहणीत हीच मिनिटं २८९ आणि ८८ झाली. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषाने उचलली नाहीत, त्याचीही नऊ कमी झाली.

न्यायालयांत दोन्ही सूर ऐकू येतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने म्हटलं की विवाहित बाईला घरच्यांसाठी घरकाम करायला सांगणं म्हणजे तिला मोलकरणीसारखं वागवणं नव्हे; तिला करायचं नसेल तर तिने लग्नाआधी सांगायला हवं होतं. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका नवऱ्याच्या घटस्फोटाच्या मागणीवर निकाल दिला. तक्रार अशी की बायको सतत आईशी फोनवर बोलते, घरकाम करत नाही. उच्च न्यायालयाने तो दिला नाही आणि सांगितलं की आजच्या काळात घरकामाचा भार नवरा-बायको दोघांनी सारखा उचलायचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, निकालात बाईबद्दल कोणते शब्द वापरू नयेत आणि त्याऐवजी कोणते वापरावेत याची. ही चांगली सुरुवात आहे. पण ती यादी इंग्रजी शब्दांची. गबाळी, अजागळ, अवदसा हे शब्द तिथे नाहीत आणि आपल्या भागातल्या बायकांच्या अर्जांत मात्र तेच आहेत. ती यादी आपल्यालाच करावी लागेल.

काय करता येईल, तेवढं सांगून थांबते.

पहिलं, केंद्रात येणाऱ्या बाईचं म्हणणं लिहून घेताना ‘नवरा शिवीगाळ करतो’ एवढ्यावर वाक्य संपवू नका. नेमका शब्द लिहा. केव्हा म्हणाला, कुणासमोर म्हणाला, मुलांसमोर का, तेही लिहा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ येतो. अपमान, हेटाळणी, नावं ठेवणं हे सगळं त्यात आहे, आणि कौटुंबिक घटना अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी जागा आहे. ती बऱ्याचदा मोकळी राहते, कारण बाईला वाटतं यात सांगण्यासारखं काय, आणि लिहिणारीलाही तसंच वाटतं. एका शब्दावर खटला उभा राहत नाही, हे खरं. पण दहा वर्षं रोज ऐकलेला शब्द तारखांसह कागदावर आला की त्याचं वजन कळतं.

दुसरं, प्रत्येक वेळी शब्दाचा पत्ता विचारा. मोरीत भांडी साठली? नळ कधी आला होता? घर अस्ताव्यस्त? किती फूट घर, किती माणसं, कुणाची पाळी, कुणाचं आजारपण? मृणालताईंनी जसं नळावरचं भांडण महापालिकेत नेलं, तसा गबाळेपणा ज्याचा त्याच्या दारात पोचवा. वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिताना बिनधास्त लिहा की पाण्याची वेळ न कळवता बदलणारा अधिकारी वेंधळा आहे. निदान एकदा तरी तो शब्द योग्य माणसाला लागू दे!

तिसरं, मुलांचं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं, बाबा कपड्यांना इस्त्री करताना दिसले, तेव्हा बरीच चर्चा झाली. चित्र छापून आलं, आता घरात उतरवायचं आहे. मुलगा वही हरवून आला की ‘मुलगाच तो’ आणि मुलगी हरवून आली की ‘वेंधळी, सासरी काय करशील’, हे आपल्याच तोंडून येतं की नाही, यावर प्रत्येक गटाने एक महिना लक्ष ठेवावं.

शेवटी एक खुलासा, कारण चर्चेत हा प्रश्न येणारच. मी पसाऱ्याची वकिली करायला आलेले नाही. आवरलेलं घर मलाही आवडतं, वेळेवर सुरू झालेली बैठकही आवडते. पण मराठीत ‘व्यवस्था’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घरातली मांडणी, दुसरा समाजाची रचना. पहिली व्यवस्था सांभाळायची बायकांनी आणि दुसरी ठरवायची दुसऱ्यांनी, अशी आजवरची वाटणी आहे. तुला अव्यवस्थित म्हणणाऱ्याला एवढंच विचार, ‘कुठल्या व्यवस्थेबद्दल बोलतोस? आणि ती आखताना मला विचारलं होतंस का?’

चिठ्ठ्या मी इथेच टेबलावर ठेवते. गटागटांत बसाल तेव्हा एकेक शब्द घ्या आणि त्याच्यापुढे लिहा की तो पसारा खरा कुणाचा होता.